रकाना सहा-तीन-दोन : परिषदांचा खर्च आणि जिल्ह्यातला प्राध्यापक

उच्च शिक्षणातल्या मूल्यमापनावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुतेक धोरणांविषयी. ज्या तक्त्यांतून ही धोरणे प्रत्यक्ष महाविद्यालयात उतरतात, ते तक्ते मजकूर म्हणून फारसे कोणी वाचत नाही. ते भरायचे असतात, वाचायचे नसतात, असा आपला समज. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा सदस्य म्हणून काही वर्षे हे तक्ते भरत आलो आहे. साहित्याच्या शिक्षकाला मजकूर दिसला की वाचायची सवय असते. त्या सवयीने मी इथे एकच तक्ता वाचणार आहे. शिक्षकांना परिषदांना जाण्यासाठी महाविद्यालय जो पैसा देते, त्याचा हा तक्ता.

तक्त्याचे वाचन

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातली ‘नॅक’, १९९४ साली स्थापन झाली. २०१७ साली तिने आपली पद्धत बदलली आणि संख्येत मोजता येणाऱ्या उपनिकषांवर भर दिला. सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा. त्यातला ६.३.२ हा उपनिकष विचारतो की, गेल्या पाच वर्षांत सरासरी किती टक्के शिक्षकांना परिषदा-कार्यशाळांना उपस्थित राहण्यासाठी आणि व्यावसायिक संस्थांच्या सदस्यत्व शुल्कासाठी आर्थिक साहाय्य दिले? सोबतच्या तक्त्यात रकाने असे : वर्ष, शिक्षकाचे नाव, परिषदेचे किंवा कार्यशाळेचे नाव, सदस्यत्वासाठी पैसे दिले असल्यास त्या संस्थेचे नाव, आणि रक्कम.

या तक्त्यात निबंधाच्या शीर्षकाला जागा नाही. शिक्षक तिथे बोलला की नुसता बसून आला, हे कळायची सोय नाही. त्याला कोणी काय विचारले, परतल्यावर त्याने वर्गात किंवा सहकाऱ्यांसमोर काय मांडले, निबंध पुढे सुधारून छापला का, यांतले काहीही विचारलेले नाही. परिषदेचे नाव आहे, ठिकाण नाही. म्हणजे हैदराबादला जाऊन आलेला आणि शेजारच्या तालुक्याला जाऊन आलेला या तक्त्यात एकाच उंचीचे.

खरी मेख मात्र ‘टक्के’ या शब्दात आहे. समजा, एका महाविद्यालयात ३० शिक्षक आहेत आणि संस्था परिषदांसाठी दरवर्षी ६० हजार रुपये बाजूला काढते. हे पैसे वाटण्याच्या दोन रीती पाहू. पहिल्या रीतीत दरवर्षी प्रत्येकाला दोन हजार. दुसऱ्या रीतीत दरवर्षी सहा जणांना प्रत्येकी दहा हजार, आणि पाच वर्षांत सगळ्यांची पाळी. दोन्ही रीतींत पाच वर्षांचा खर्च तीन लाख. दोन्हींत प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला एकूण दहा हजार. पण ६.३.२ मध्ये पहिल्या रीतीची टक्केवारी १०० येते आणि दुसरीची २०.

दोन हजारांत जवळच्या गावच्या एकदिवसीय परिषदेची नोंदणी आणि एसटीचे भाडे निघते. दहा हजारांत काटकसरीने रेल्वेचा प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम आणि एका मोठ्या परिषदेची नोंदणी होऊ शकते. म्हणजे आपल्या विषयात खरोखर काम करणारी चार माणसे जिथे भेटतील तिथवर पोचता येते. तक्ता पहिल्या रीतीला पूर्ण गुण देतो. शहाणा प्राचार्य तक्ता पाहून वागतो, त्याला दोष देता येत नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपल्या जिल्ह्यात परिषदांना पैसा कमी मिळतो ही तक्रार खरी असली तरी अर्धीच आहे. मिळतो तो पैसाही कोणी दूर जाऊ नये अशाच मापाने कापलेला आहे.

गुणांची वंशावळ

हा तक्ता एकाएकी आला नाही. ३० जून २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी शिक्षकाच्या पदोन्नतीसाठी ‘एपीआय’ नावाची गुणपद्धती आणली. परिषदेत निबंध वाचल्यास आंतरराष्ट्रीय पातळीवर १०, राष्ट्रीय ७.५, राज्य किंवा विभागीय पातळीवर ५ आणि विद्यापीठ किंवा महाविद्यालय पातळीवर ३ गुण. त्याआधीही शिक्षक परिषदांना जात होते. पण गेलेल्या दिवसाला भाव ठरला तो तेव्हा.

भाव ठरला की माल तयार होतो. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय यांत अडीच गुणांचा फरक असल्याने माहितीपत्रकांवरचे विशेषण बदलू लागले. एखादा परदेशस्थ पाहुणा, तोही कधी पडद्यावर, एवढ्यावर तालुक्याची परिषद आंतरराष्ट्रीय झाली. १८ जुलै २०१८ च्या विनियमांत आयोगाने नवे कोष्टक दिले : परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेला ७, देशातल्या आंतरराष्ट्रीयला ५, राष्ट्रीयला ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २. ‘परदेशातील’ आणि ‘देशातील’ अशी फोड नियमातच करावी लागली, यावरून मधल्या आठ वर्षांत त्या शब्दाचे काय झाले होते, याचा अंदाज वाचकाने करावा.

याच काळात पैशाची वाट बदलली. पंचवार्षिक योजनांच्या काळात महाविद्यालये चर्चासत्राचा प्रस्ताव आयोगाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय कार्यालयाकडे पाठवत. मंजुरीला वेळ लागे, उपयोगिता प्रमाणपत्राला त्याहून जास्त; पण सत्राचा खर्च सरकारी अनुदानातून निघत असे. बारावी योजना ३१ मार्च २०१७ ला संपली, तिच्याबरोबर पंचवार्षिक योजनांचे पर्वही संपले आणि हा ओघ आटला. गुणांची गरज मात्र राहिली. मग परिषदा नोंदणी शुल्कावर उभ्या राहू लागल्या.

आता पैशाचा फेरा पाहण्यासारखा आहे. अ महाविद्यालय आपल्या शिक्षकाला नोंदणी शुल्क परत देते. तो ब महाविद्यालयाच्या परिषदेला जातो. त्या शुल्कातून ब महाविद्यालय मांडव, जेवण, स्मृतिचिन्हे आणि आयएसबीएन क्रमांकाचे पुस्तक करते. पुढच्या महिन्यात ब महाविद्यालयाचे शिक्षक अ महाविद्यालयाकडे येतात. दोन्हीकडे ६.३.२ भरतो, दोन्हीकडे परिषद घेतल्याची नोंद होते. पैसा जिल्ह्याबाहेर जात नाही आणि बाहेरचे नवे काही आत येत नाही.

इतिवृत्त नावाचा वाङ्मयप्रकार

या फेऱ्यातून जो मजकूर निर्माण झाला, त्याकडे समीक्षेने अजून पाहिलेले नाही. माझ्या कपाटात अशी बरीच परिषद-इतिवृत्ते आहेत. त्यांची घडण ठरलेली आहे. आरंभी संस्थाध्यक्ष, सचिव आणि प्राचार्य यांचे छायाचित्रांसह शुभसंदेश. मग संपादकीय, त्यात विषयाचे महत्त्व सांगणारी दोन पाने. मग अनुक्रमणिका. मुख्य विषयाखाली पाच-पंचवीस उपविषय दिलेले असतात आणि शेवटी ‘इतर संबंधित विषय’ ही ओळ, त्यामुळे मराठीपासून गृहअर्थशास्त्रापर्यंत आणि वाणिज्यापासून शारीरिक शिक्षणापर्यंत सगळे एका बांधणीत येतात. याला ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणतात. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ दोन शाखांनी एकमेकींना प्रश्न विचारणे असा आहे. इथे त्या फक्त शेजारी बसतात.

निबंध तीन-चार पानांचे. शीर्षकाच्या शेवटी ‘एक अभ्यास’, ‘एक दृष्टिक्षेप’ किंवा ‘एक चिकित्सा’. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष हे मथळे कादंबरीवरच्या निबंधालाही चुकत नाहीत. हे लिहिणारे आळशी आहेत, असे मला म्हणायचे नाही. त्यांतल्या काहींचे वाचन मला ठाऊक आहे. चहाच्या टपरीवर ते ज्या बारकाईने एखाद्या कवितेवर बोलतात, त्याचा मागमूस या चार पानांत नसतो. प्रकारच असा आहे की त्यात ते मावत नाही.

या प्रकाराचे सर्वांत अर्थपूर्ण लक्षण त्याच्या वेळापत्रकात आहे. इतिवृत्ताचे प्रकाशन परिषदेच्या उद्‌घाटनाला होते. म्हणजे जे घडायचे आहे त्याचे वृत्त आधीच छापलेले असते. पुढे एका सत्रात दहा-बारा जण निबंध वाचतात, अध्यक्ष घड्याळ दाखवतात, प्रश्नांना वेळ उरत नाही. आणि उरला तरी उपयोग काय? पुस्तक तर वाटून झाले. नॅकचाच दुसरा एक उपनिकष, ३.३.२, ग्रंथातील प्रकरणे आणि परिषद-इतिवृत्तांतील निबंध मोजतो. पुस्तकाला क्रमांक असला की तिथली गरज भागते. चर्चेला क्रमांक मिळत नाही.

सभेची जुनी रीत

मराठीत याहून वेगळी रीत होती. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात वि. का. राजवाडे आणि सरदार खं. चिं. मेहेंदळे यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या सभांत सापडलेले कागद वाचले जात, त्यांवर वाद होत आणि मग ती टिपणे इतिवृत्तांत व संमेलनवृत्तांत छापली जात. क्रम महत्त्वाचा आहे : आधी सभा, मग वृत्त.

याच काळात बुलढाण्याचे वकील यादव माधव काळे वऱ्हाडचा इतिहास लिहीत होते. ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ साली निघाला; पुढे त्यांनी नागपूरकर भोसल्यांचाही इतिहास लिहिला. ना कोणते अनुदान, ना गुण. पण काळ्यांचा दाखला देऊन ‘तेव्हा कुठे प्रवासभत्ता होता?’ असे आजच्या शिक्षकाला ऐकवणे अन्यायाचे होईल. वकिली चालणाऱ्या घरात कागद जमवायला, फिरायला लागणारी सवड असते. आज जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत शिकवणारे अनेक जण आपल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. त्यांच्यासाठी साहाय्य ही चैन नाही.

सभेत कोण येऊ शकतो, हा प्रश्नही मराठीत नवा नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या व्यवहारात शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेशी आपले जुळणार नाही, असा त्यांचा आशय होता. तो वाद भाड्याच्या पैशाचा नव्हता. पण सभा भरली एवढ्याने ती सगळ्यांची होत नाही, हा त्यातला धडा आजही लागू आहे.

मलकापूरपर्यंतचे अंतर

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही तिथे रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग गाठायचा तर घाट उतरून मलकापूरला जावे लागते. खामगावला जलंबहून एक फाटा येतो. सिंदखेडराजाला जालना जवळ. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी कित्येक पिढ्या चालू आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, त्याने मोटार असणाऱ्याचे अंतर कमी झाले. ज्या विद्यापीठाशी आपण १९८३ पासून जोडलेले आहोत, ते अमरावतीला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकापलीकडे. पुण्या-मुंबईच्या शिक्षकाला जी परिषद लोकलने किंवा दुचाकीने गाठता येते, तिच्यासाठी लोणारच्या किंवा जळगाव जामोदच्या शिक्षकाला दोन रात्री आणि तीन वाहने लागतात. ६.३.२ दोघांना एकाच मापाने मोजतो.

आयोगाच्या विनियमांनुसार शिक्षकाला एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्यरजा मिळू शकते, परिषदांसाठीसुद्धा. वेळ नियमाने दिला आहे. प्रवास संस्थेच्या मर्जीवर सोडला आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला परदेशी परिषदेसाठी केंद्राच्या विज्ञान-संशोधन मंडळाकडे अर्ज करण्याची सोय होती, त्या मंडळाची जागा आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने घेतली आहे. समाजशास्त्रांसाठी दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. मराठी साहित्याचा शिक्षक या दोन्ही दारांतून सहसा आत जात नाही.

मला स्वतःला एका प्रवासाने काय दिले, ते सांगतो. मी ‘लीळाचरित्रा’तल्या आपल्या भागातल्या स्थळांवर काम करत होतो. चक्रधरांच्या भ्रमंतीत मेहकर आहे, लोणार आहे. आम्ही रोज ज्या गावांच्या पाट्या वाचतो ती गावे मराठीतल्या पहिल्या गद्यग्रंथात आहेत. दूरच्या एका हस्तलिखित-कार्यशाळेत एका वृद्ध अभ्यासकांनी मला सकळ लिपीतली पोथी समोर ठेवून एकच प्रश्न विचारला : ‘सर, तुम्ही छापील प्रतीवर विसंबलात, की पोथी पाहिलीत?’ त्या प्रश्नाने माझा निबंध दोन वर्षे लांबला आणि खूप सुधारला. परतल्यावर मला नोंदणी शुल्क मिळाले; प्रवासखर्च ‘तरतुदीत बसत नाही’ म्हणून नाकारला गेला. तक्त्यात माझे नाव मात्र आले. आर्थिक साहाय्य मिळालेला शिक्षक म्हणून.

माझे तरी निभावले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे काय? ज्यांच्या जिवावर आज अनेक विभाग चालतात, त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. परिषदेला गेलेला दिवस म्हणजे बुडालेले तास. म्हणजे ते दोनदा पैसे मोजतात, एकदा नोंदणीचे आणि एकदा गमावलेल्या मानधनाचे. मुलाखतीच्या फायलीत प्रमाणपत्रे हवीत म्हणून सर्वाधिक जातात तेही तेच. आणि घर, मुले, आजारी माणसे सांभाळणाऱ्या शिक्षिकांना दोन रात्रींचा मुक्काम किती जड जातो, हे तर कोणत्याच रकान्यात येत नाही.

टाळेबंदीची चाचणी

प्रवासाचा खर्च शून्य झाला तर काय होईल, याची चाचणी २०२० साली आपोआप झाली. मे-जूनमध्ये वेबिनारांचा पूर आला. नोंदणी फुकट, अंतर नाही. लोणारचा शिक्षक आणि मुंबईचा शिक्षक पहिल्यांदा एका पडद्यावर समान चौकटीत आले. काही फार चांगली व्याख्याने त्या काळात ऐकायला मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण लवकरच रीत ठरली : शेवटच्या पाच मिनिटांत अभिप्रायाचा दुवा येतो, तो भरला की प्रमाणपत्र इमेलवर. अनेक जण त्या पाच मिनिटांपुरतेच जागे राहू लागले. अडथळा फक्त पैशाचा असता, तर तो दूर होताच चर्चा बहरली असती. तसे झाले नाही, कारण व्यवस्था ज्याला मोल देत होती ते प्रमाणपत्रच होते.

त्याच जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि जगभरच्या बातम्यांत आले. नोव्हेंबरात सरोवर रामसर यादीत गेले. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदलेले हे विवर उल्कापाताचे आहे, हे १९७३ साली अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पुराव्यानिशी मांडले. बेसॉल्ट खडकातले विवर म्हणून चंद्रावरच्या विवरांशी त्याची तुलना होते, म्हणून जगभरचे अभ्यासक तिथे येतात. बाराही महिने ते पाणी पाहणारा स्थानिक शिक्षक त्यांच्या परिषदेत आपली निरीक्षणे घेऊन किती वेळा पोचला? ज्ञानाचा कच्चा माल बुलढाण्यातून जातो. तो मांडणारा माणूस मलकापूरच्या फलाटापर्यंतही पोचत नाही. परिषदेच्या खर्चाचा प्रश्न शेवटी इथे येतो.

काय बदलता येईल

दुसऱ्या रीतीवर, म्हणजे थोड्यांना पुरेसे देण्यावर, एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. संस्थाचालकांच्या मर्जीतले सहा जणच दरवर्षी जातील. टक्केवारीच्या मापाने निदान सगळ्यांच्या हातावर काहीतरी पडते. हे भय खरे आहे. त्यावर उपाय पाळीचा आहे : पाच वर्षांची यादी आधीच लावावी, त्यात तासिका तत्त्वावरचे शिक्षकही घ्यावेत, आणि ज्याची पाळी त्याला प्रवासासह पूर्ण खर्च द्यावा. परतल्यावर त्याने महाविद्यालयात एक तास बोलावे, विद्यार्थ्यांसमोर, प्रश्नोत्तरांसह. याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

तक्त्यात तीन रकाने वाढवावेत : निबंधाचे शीर्षक, प्रवासाचे अंतर, आणि परतल्यावर काय मांडले. टक्केवारी वर्षाची न काढता पाच वर्षांत एकदा तरी पुरेसे साहाय्य मिळालेल्यांची काढावी. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी तालुक्यागणिक परिषद घेण्याऐवजी दोन वर्षांतून एकदा एकत्र येऊन एकच चर्चासत्र घ्यावे, लोणारला भूशास्त्राचे किंवा मेहकरला महानुभाव वाङ्मयाचे. निबंध आधी वाटावेत, सभेत वाद व्हावा, पुस्तक वर्षभराने निघावे.

ही वेळ बोलण्याची आहे. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये गुणमोजणी सोडून ‘लक्षणीय योगदाना’ची भाषा आणणारा मसुदा प्रसिद्ध केला, नॅकनेही श्रेणींऐवजी ‘मान्यताप्राप्त’ की नाही एवढेच सांगणारी पद्धत जाहीर केली आहे. म्हणजे रकाने पुन्हा आखले जात आहेत. ते आखणाऱ्यांच्या टेबलावर महानगरांचे अनुभव आपोआप पोचतात. जिल्ह्याचे पोचवावे लागतात, आणि तेही आपण तक्ता भरून पाठवताना नव्हे, तर तो नीट वाचून त्याला उत्तर दिले तरच.